बोर्ड गेला, हे सगळ्यात शेवटी म्हणायचं

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलानं आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर स्वतः जुळवला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ५५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा. प्रोसेसरवरचा कूलर कसताना स्क्रूड्रायव्हर निसटला आणि सॉकेट आणि रॅमच्या स्लॉटच्या मधे बोर्डावर दीडेक सेंटिमीटरचा ओरखडा पडला. आता बटण दाबलं की पंखे एकदा हलतात आणि अर्ध्या सेकंदात सगळं बंद. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्याही येतात. दुकानदार म्हणाला, 'बोर्ड गेला नं भाऊ, नवीन घ्या.' आता तो विचारतो, 'काका, एका ओरखड्यानं बोर्ड खरंच मेला काय? दुरुस्त होईल, की घरी पुन्हा पैसे मागू?'

बेटा, घरी पैशांचा विषय इतक्यात काढू नकोस. आधी एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद कर, प्लग भिंतीतून काढ आणि ते बटण पुन्हा दाबून पाहू नकोस. 'आता तरी होईल चालू' म्हणत दहा-दहा वेळा बटण दाबल्यानं वाचण्याजोगे बोर्ड कायमचे गेलेले मी पाहिले आहेत. असं का होतं ते पुढे येईलच.

मी बावीस वर्षं नागपुरात बोर्ड दुरुस्त करतो आहे, आमच्या भाषेत चिप-लेव्हलचं काम. तुझा प्रश्न वाचताना माझं लक्ष ओरखड्यापेक्षा 'अर्ध्या सेकंदात सगळं बंद' या शब्दांवर अडकलं. तू ते लक्षण ओरखड्याला जोडलंस, दुकानदारानंही जोडलं. माझ्या अनुभवात ही जखम आणि हे लक्षण एकमेकांना जुळत नाहीत.

सॉकेट आणि रॅमच्या मधल्या पट्ट्यात काय असतं ते जवळून बघ. केसासारख्या बारीक, नागमोडी रेघा दिसतील. त्या रॅमच्या लाइनी. प्रोसेसरकडून निघालेले सगळे सिग्नल रॅमपर्यंत एकाच वेळी पोचले पाहिजेत, म्हणून जवळच्या रस्त्यानं जाणाऱ्या रेघेला मुद्दाम वळणं देऊन तिची लांबी दूरच्या रेघेइतकी केलेली असते. डीडीआर४ ची रॅम चालते १.२ व्होल्टवर, म्हणजे त्या रेघांमधून फार काही वीज वाहत नाही, फक्त निरोप जातात. समज, तुझ्या स्क्रूड्रायव्हरनं त्यातली एखादी रेघ तोडली. बोर्ड काय करेल? चालू होईल. पंखे फिरत राहतील. प्रोसेसर रॅम शोधायला जाईल, ती नीट सापडणार नाही, आणि बोर्डाच्या कडेला डीरॅम लिहिलेला छोटा दिवा लावून तो तसाच बसून राहील, किंवा काही सेकंदांनी स्वतःच पुन्हा सुरू होऊन बघेल. पडदा काळा, पण पंखे चालू.

पंखे नुसते हलून थांबतात तेव्हा काम वेगळ्याच ठिकाणी बिघडलेलं असतं. बटण दाबलं की बोर्ड एसएमपीएसला इशारा देतो, एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनी उघडतो आणि त्याच क्षणी त्याला कळतं की यातली एक लाइन सरळ जमिनीला, म्हणजे ग्राउंडला टेकली आहे. तो लगेच स्वतःला बंद करतो. पंख्याला मिळालेला तेवढाच धक्का तुला दिसतो. याची आणखी एक खूण आहे. असं बंद पडल्यावर पुन्हा बटण दाबलं तर बरेच एसएमपीएस काहीच करत नाहीत. मागचा स्विच बंद करून थोडं थांबून परत चालू केला, तरच पंखा पुन्हा एकदा हलतो. तुझ्याकडे असंच होत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, हे जवळपास पक्कं धर.

म्हणजे तुझ्याकडे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक शॉर्ट, जो तुला दिसत नाही. आणि एक ओरखडा, जो दिसतो म्हणून सगळा आळ त्याच्यावर आला.

हे मी इतक्या आग्रहानं सांगतो त्याला कारण आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत उमरेडहून एक गृहस्थ एसटीनं, कॅबिनेट मांडीवर घेऊन माझ्याकडे आले होते. मुलीनं बारावीनंतर सुट्टीत जुळवलेला कॉम्प्युटर, हेच लक्षण. बोर्डावर एका कोपऱ्यात ठेच लागलेली दिसली आणि मी पाच मिनिटांत 'बोर्ड गेला' म्हणून मोकळा झालो. त्यांनी नवीन बोर्ड घेतला. तो बसवला, बटण दाबलं, आणि पंखे अगदी तसेच हलून थांबले. मग मी सगळं उकललं. कॅबिनेटमध्ये एक पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारा छोटा खांब, जास्तीचा लागलेला होता आणि तो दोन्ही बोर्डांच्या पाठीत रुतत होता. जुना बोर्ड खोक्यावर ठेवून चालवला, तो पहिल्या झटक्यात चालू झाला. नव्या बोर्डाचे पैसे मी त्यांना परत केले. पण मुलीच्या चुकीमुळे बोर्ड जळाला असं तिला घरी ऐकावं लागलं होतं, ते मला परत करता आलं नाही. त्या दिवसापासून बोर्ड गेला हे वाक्य मी सगळं तपासून झाल्याशिवाय तोंडातून काढत नाही.

तर आता सगळं बाहेर काढ. बोर्ड कॅबिनेटमधून सोडव आणि तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आला त्याच्यावर ठेव. त्याच्यासोबत आलेल्या चकाकत्या पिशवीवर ठेवून चालू करू नकोस, त्या पिशवीच्या बाहेरच्या थरातून वीज थोडीफार वाहू शकते. कोरडा पुठ्ठा सगळ्यात चांगला.

बोर्ड उलटा करून पाठ बघ. स्टँडऑफ षट्कोनी असतो. तो जिथे भोक नसलेल्या जागी टेकला असेल तिथे बोर्डाच्या रंगावर त्याच्या आकाराची घासल्याची खूण राहते, कधी मधे एखादं सोल्डरचं टोक चपटं झालेलं दिसतं. उजेड तिरपा पाड, नाहीतर ती खूण नजरेतून सुटते. मग बोर्डाची भोकं मोज आणि कॅबिनेटमधले स्टँडऑफ मोज. एटीएक्स बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब असतो, मायक्रो-एटीएक्स २४४, आणि त्यांची सगळी भोकं एका जागी येत नाहीत. पहिल्यांदा जुळवणारी मुलं पुडीतले सगळे स्टँडऑफ दिसेल त्या भोकात लावून टाकतात. तुझं असंच झालं असेल अशी माझी सगळ्यात जास्त शंका आहे. मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टीही बघ. तिची एखादी जीभ यूएसबी किंवा लॅनच्या पोर्टाच्या आत घुसली असेल, तरी शॉर्ट होतो.

त्यानंतर प्रोसेसरची आठ पिनांची वायर. एसएमपीएसमधून दोन प्रकारच्या आठ पिनांच्या वायरी येतात, एक प्रोसेसरची आणि एक ग्राफिक्स कार्डची, आणि त्यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. प्लास्टिकच्या खाचा वेगळ्या असल्यामुळे चुकीची वायर सहज बसत नाही, पण जोर लावला तर बसते. हल्ली सगळ्या वायरी काळ्याच असतात, त्यामुळे रंगावरूनही कळत नाही. प्लगवर सीपीयू लिहिलेलं आहे की पीसीआय-ई ते वाच. चारचे दोन तुकडे जोडून आठ होत असतील तर ती प्रोसेसरची, सहा आणि दोन असतील तर ती ग्राफिक्सची. आणि तुझा एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणारा असेल, तर त्याच्याच खोक्यातल्या वायरी वापर. दुसऱ्या कंपनीची वायर तोंडाला बरोबर बसते, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. मित्राकडून आणलेल्या एका वायरीमुळे पाच व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळाल्याची केस माझ्या टेबलावर दरवर्षी एखादी तरी येते.

आता पुठ्ठ्यावर फक्त एवढंच जोड: बोर्ड, त्यावरचा प्रोसेसर आणि कूलर, एक रॅम, चोवीस पिनांची वायर आणि आठ पिनांची वायर. रॅम सॉकेटपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. हार्ड डिस्क, एसएसडी, समोरच्या यूएसबीच्या वायरी, कॅबिनेटचं बटण, काहीच नाही. बोर्डावर पॉवर स्विचच्या दोन पिना असतात, त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकव. बटण तेवढंच काम करतं. हे मी बटण दाबू नकोस म्हणालो त्याच्या उलट नाही, कारण आता परिस्थिती बदलली आहे. एकदाच कर आणि काय झालं ते लिहून ठेव.

पंखा फिरत राहिला तर शॉर्ट कॅबिनेटमध्ये होता. तसं झालं तर थेट ओरखड्याकडे जा.

पंखा तसाच हलून थांबला तर प्लग काढ, आठ पिनांची वायर सोडव आणि पुन्हा एकदा बघ. या वेळी पंखे फिरत राहिले, तर शॉर्ट प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागात आहे. डिस्प्ले येणार नाही, पण आपल्याला फक्त जागा शोधायची आहे. सॉकेटच्या बाजूला चौकोनी राखाडी कॉइलची रांग आणि तिच्याजवळ छोट्या काळ्या चपट्या चिपा दिसतात. त्या मॉस्फेट. त्यांतली १२ व्होल्टच्या बाजूची एखादी शॉर्ट झाली की जो १२ व्होल्ट सव्वा व्होल्टच्या आसपास उतरून प्रोसेसरला मिळायला हवा, तो न उतरता सरळ आत जाऊ शकतो. एसएमपीएस वेळेवर बंद झाला तर प्रोसेसर वाचतो. प्रत्येक वेळी तो तेवढ्याच वेगानं बंद होईल याची खात्री मी देऊ शकत नाही. बटण पुन्हा पुन्हा दाबू नकोस म्हणालो ते यासाठी.

मल्टीमीटर असेल तर हे बटण न दाबताही तपासता येतं, आणि खरं तर तेच बरं. सगळ्या वायरी काढ, मीटर ओहमवर लाव, आणि बोर्डावरच्या आठ पिनांच्या सॉकेटात एक टोक खिट्टीच्या बाजूच्या ओळीत, म्हणजे १२ व्होल्टला, आणि दुसरं समोरच्या ओळीत, म्हणजे ग्राउंडला लाव. आकडा हळूहळू चढत जाऊन काही शेकड्यांच्या वर गेला तर ठीक. आकडा एक-दोन ओहमवरच खिळून राहिला तर शॉर्ट आहे. मात्र त्या राखाडी कॉइलवर मीटर लावून घाबरू नकोस. प्रोसेसर बसलेला असताना तिथून ग्राउंडपर्यंत एखाद-दोन ओहम दिसणं स्वाभाविक असतं, कधी त्याहूनही कमी. नवीन शिकणारे इथेच चकतात आणि चांगल्या बोर्डाला शॉर्ट ठरवतात.

आठ पिनांची वायर काढूनही पंखे तसेच थांबले तर एसएमपीएसवर शंका घे. एखाद्या मित्राचा चालता एसएमपीएस लावून बघणं हा सगळ्यात सोपा रस्ता. चोवीस पिनांच्या प्लगमध्ये हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरीला क्लिपनं जोडली की एसएमपीएस बोर्डाशिवाय चालू होतो. पण तुझ्या वायरी सगळ्या काळ्या असतील तर पिनांचं चित्र पाहून खात्री झाल्याशिवाय क्लिप घालू नकोस. चालू झाल्यावर मीटरनं १२ ची लाइन ११.४ ते १२.६ मधे, पाचची ४.७५ ते ५.२५ मधे यायला हवी.

समज, शॉर्ट निघाला, दूर झाला आणि पंखे फिरायला लागले. आता तुझा ओरखडा. इथे घाई करू नकोस, कारण इथे तुझ्या डोळ्यांइतकं कामाचं यंत्र नाही.

घड्याळजी डोळ्याला लावतात ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग आण. खोलीतला दिवा बंद कर आणि मोबाइलचा टॉर्च बोर्डाला जवळजवळ समांतर, एका बाजूनं धर. आता ओरखड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक रेघ बघत जा. बोर्डाचा रंग हा तांब्यावरचा लेप असतो. बऱ्याचदा स्क्रूड्रायव्हर फक्त तो लेप सोलतो आणि खाली तांबं चकचकीत, पण अखंड दिसतं. तसं असेल तर तुझं नशीब चांगलं. मऊ टूथब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, म्हणजे दुकानात ज्याला आयपीए म्हणतात त्यात, थोडा बुडवून ओरखड्याच्या दिशेनं हळू फिरव. तांब्याचा कीस निघून जाईल. वाळल्यावर आम्ही त्यावर यूव्हीखाली सुकणारा लेप लावतो, तुला ते जमणार नसेल तर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात चालेल. आपल्याकडे पावसाळ्यात उघडं तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही, म्हणून हे सोडू नकोस.

दुसरी शक्यता अशी की तांबं तुटलेलं नाही, पण ओढलं जाऊन शेजारच्या रेघेला चिकटलं आहे. भिंगातून ते दोन रेघांमधला बारीक चमकता पूल असल्यासारखं दिसतं. शिवणकामाच्या सुईच्या टोकानं तो पूल रेघांच्याच दिशेनं खरवडून मोकळा करता येतो. आडवी सुई कधीच फिरवू नकोस. हात थरथरत असेल तर त्या दिवशी काम करूच नकोस, मीही करत नाही.

तिसरी शक्यता, रेघ तुटली आहे. दोन टोकांमध्ये काळी-हिरवी फट दिसते. हे काम तुझं नाही. मायक्रोस्कोपखाली केसापेक्षा बारीक एनॅमल वायरचा जंपर, म्हणजे तुटलेली टोकं जोडणारा तुकडा, मारावा लागतो, आणि तो मारल्यावरही रॅमची लाइन पूर्वीइतक्या वेगानं चालेलच असं नसतं, कारण जंपरनं तिची लांबी आणि स्वभाव दोन्ही बदलतात. अशा बोर्डावर ३२०० ची रॅम २४०० ला लावून चालवावी लागल्याची उदाहरणं माझ्याकडे आहेत. मी ग्राहकाला हे आधी सांगतो आणि मगच सोल्डरिंग आयर्न तापवतो.

तुटलं आहे की नाही हे डोळ्यांनी ठरत नसेल तर बोर्डालाच विचार. एक रॅम घे आणि ती चारही स्लॉटमध्ये एकेक करून लावून बघ. प्रत्येक वेळी प्लग काढून. तुझ्या बोर्डावर सॉकेटजवळचे दोन स्लॉट एका चॅनलचे, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या एका वाटेचे, आणि बाहेरचे दोन दुसऱ्याचे. एका जोडीत डिस्प्ले येतो आणि दुसऱ्या जोडीत डीरॅमचा दिवा लागतो, असं झालं तर एका चॅनलच्या लाइनी दुखावल्या आहेत. बोर्ड जिवंत आहे आणि एका चॅनलवर चालेलही. पण तुझ्याकडे ५६००जी आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्याचं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, म्हणून एका चॅनलवर गेमचा वेग बराच पडेल. अभ्यास, कोडिंग, सिनेमे, यांना फरक जाणवणार नाही. तू कॉम्प्युटर कशासाठी जुळवलास त्यावर हे तू ठरव.

डीरॅमचा दिवा सगळ्याच स्लॉटमध्ये लागला तर ओरखड्याला दोष देण्याआधी प्रोसेसर काढून त्याच्या पिना बघ. एएम४ प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात आणि एक वाकडी असली तरी एखादा चॅनल गप्प होतो. कूलर मात्र सरळ वर ओढू नकोस. थर्मल पेस्ट चिकटलेली असते आणि सॉकेटची दांडी बंद असतानाही प्रोसेसर कूलरसोबत उपटून येतो, बहुतेक पिना तिथेच वाकतात. केस वाळवायच्या ड्रायरनं कूलर कोमट कर, स्क्रू सोडव, कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळ आणि मग उचल. पिन वाकलेली दिसली तर ०.५ मिलिमीटरच्या पेन्सिलचं रिकामं धातूचं टोक तिच्यावर चढवून थोडं थोडं सरळ कर. एकाच दमात सरळ करायला गेलास तर ती तुटते. इंटेलच्या आणि एएम५ च्या बोर्डांवर पिना प्रोसेसरऐवजी सॉकेटात असतात आणि त्या फार नाजूक. तुझ्या एखाद्या मित्राचा तसा बोर्ड असेल, तर सॉकेटावरचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवायला सांग. वॉरंटीत बोर्ड पाठवताना ते लागतं.

जाता जाता, तुझ्या वर्गातला कोणी '५६०० घेतला, डिस्प्ले येत नाही, बोर्ड गेला' म्हणत असेल, तर त्याला विचार की ५६०० आहे की ५६००जी. नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाहीच. त्याला कार्ड लागतं आणि एचडीएमआयची वायर कार्डाला लावावी लागते. या एका कारणानं चांगले बोर्ड दुकानात परत येतात.

आता झिणझिण्या. हे तू प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिलंस, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीसारखे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेला. घरात अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट फार थोडा असतो, म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण त्याच अवस्थेत तू एचडीएमआयची वायर केबलवाल्याच्या लाइनीशी जोडलेल्या टीव्हीत घातलीस, की तो फरक त्या बारीक पिनांतून वाहतो आणि पोर्ट जातो, कधी पूर्ण बोर्डही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी पडते आणि एरवी चालणारं अर्थिंगही कमजोर होतं. जुन्या घरांतले लोक उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालतात, ते अगदी बरोबर करतात. तू इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज आणि अर्थमध्ये मोजायला सांग. फेज-न्यूट्रलइतकंच, म्हणजे २३० च्या आसपास यायला हवं आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर जायला नको. दोन पिनांचं एक्स्टेन्शन वापरत असशील तर आजच बदल. हे दुरुस्त झाल्याशिवाय कॉम्प्युटर कॅबिनेटमध्ये परत बसवू नकोस.

खोलीतल्या हवेच्या कूलरबद्दलही सांगतो, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे प्रत्येक खोलीत तो असतो. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नकोस. पॅडमधून उडणारे पाण्याचे बारीक थेंब बोअरच्या पाण्यातला क्षार सोबत आणतात, आणि जुलैपर्यंत रॅमच्या स्लॉटमध्ये पांढरी खरवड जमते. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की नुसता प्लग काढून भागत नाही, इंटरनेटची लॅन वायरही काढ. वीज त्या वायरीनंही येते.

राहिला प्रश्न वॉरंटीचा. बोर्डावर बहुतेक कंपन्या तीन वर्षं देतात, पण ओरखडा, वाकलेली पिन, जळण्याची खूण, यांना ती लागू नसते. सेवा केंद्रात ओरखडा लपवू नकोस. तिथे बोर्ड भिंगाखाली जातोच आणि खोटं सापडलं की पुढचं बोलणंही बंद होतं. शॉर्ट मॉस्फेटचा निघाला आणि ओरखडा सॉकेटच्या दुसऱ्याच बाजूला आहे, असं असेल तर दोन्ही गोष्टी लिहून बोर्ड पाठव. तो निर्णय त्यांचा, पण विचारणं तुझा हक्क आहे. मात्र त्याआधी कुठेही सोल्डर करून घेऊ नकोस, मग उरलीसुरली वॉरंटीही जाते. त्यांनी नाकारलं तर चिप-लेव्हलवाल्याकडे जा. मॉस्फेट बदलणं हे रोजचं काम आहे. खर्च नव्या बोर्डाच्या निम्म्याच्या वर सांगितला, तर मी स्वतः ग्राहकाला नवा घ्यायला सांगतो, कारण दुरुस्त बोर्डाची हमी मी महिन्या-दोन महिन्यांची देऊ शकतो, तीन वर्षांची नाही. नवा बोर्ड घ्यायची वेळ आलीच तर प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस आधी दुसऱ्या चालत्या बोर्डावर तपासून घे. सीताबर्डीच्या दुकानांत ओळखीनं कोणीही दहा मिनिटांत तपासून देतो.

आणि डिस्प्ले आला, तर लगेच विंडोज टाकायला बसू नकोस. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन १६ जीबी आणि ड्युअल चॅनल दिसतंय का ते बघ. एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग, बंद ठेवून पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालव. सकाळी एकही चूक नसेल तर एक्सएमपी लावून ३२०० वर पुन्हा एक रात्र. पहिल्या रात्री स्वच्छ आणि दुसऱ्या रात्री चुका, असं झालं तर ओरखड्याखालची एखादी रेघ अर्धवट दुखावली आहे. मग वेग एकेक पायरी उतरवत जा आणि जिथे रात्र स्वच्छ जाते तिथे थांब. एक आकडा सोडून दुसरं काही बदलू नकोस, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. पुठ्ठ्यावर काय झालं ते आणि तिरप्या उजेडातला ओरखड्याचा फोटो मला पाठव. रेघ तुटलेली असेल तर फोटोत कळेल, आणि मग बोर्ड घेऊन ये, जंपर मारण्याजोगा आहे का ते आपण दोघं मायक्रोस्कोपखाली बघू.